ओल्या मोज्यातल्या काड्या

बाणकोटच्या धक्क्यावर उतरला तेव्हा
कमरुद्दीनच्या पेटीत अत्तर नव्हतं या खेपेला.
ओल्या मोज्यात गुंडाळलेल्या
तीन काड्या होत्या, बोटभर.

म्हणाला, जहाजाचा शाफ्ट मोडला,
एकोणीस दिवस ग्रीकांच्या एका बेटावर अडकलो.
तिथं काल्योपी म्हणून म्हातारी,
तिच्या उतारावर पांढरी द्राक्षं,
आता फक्त तिच्याकडेच उरलेली.
वारा असा की मांडव टिकत नाही,
म्हणून वेल जमिनीवरच वळतात,
हंड्याखालच्या चुंबळीसारखी,
आणि घड त्या चुंबळीच्या आत,
खुडूक कोंबडीखाली अंडी असावीत तसे.

"आणि दारू?" मी विचारलं.
"प्यालो नाही. तुडवली."
मग बऱ्याच वेळानं,
"झुलेखा, पाय धुऊन."

एक काडी जांभ्यात जळली.
एक मुकादमांच्या बकरीनं खाल्ली.
तिसरी विहिरीच्या कठड्याशी रुजली,
चार महिने बुरशीनं पांढरी,
आठ महिने हिरवी, नुसती पानंच पानं.
मी त्यांत बांगडे गुंडाळून भाजले.
काय करायचं मग?
तो गलबताचा दोर वळावा तशी
दरवर्षी चुंबळ वळायचा,
वारा नसला तरी.

नवव्या वर्षी एक घड धरला. अकरा मणी.
आधी आंबट, मग मिठागराचं काहीतरी,
मग जिभेवर एक रिकामी जागा,
जिला आमच्याकडे शब्द नाही.
त्यानं एकच खाल्लं
आणि बी संध्याकाळपर्यंत गालात ठेवली.

द्राक्षाचं नाव म्हातारीनं दोनदा सांगितलं होतं.
पण याचे कान इंजिनरूमनं केव्हाच नेलेले,
त्यानं फक्त ओठ पाहिले.
तेच तो करून दाखवायचा, आवाजाशिवाय,
चुलीपुढे, अंथरुणात,
आणि शेवटी इस्पितळात,
नळी नाकात असताना.

परवा दापोलीच्या विद्यापीठातून एक पोरगी आली,
पानं मोजली, फोटो काढले,
वहीत रकाना होता: जातीचं नाव.
मी ओठ मिटले,
गोल उघडले,
जीभ वरच्या दातांना लावली
आणि सोडली.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.
"मलाही," मी म्हटलं.
"पण असंच आहे ते. लिही."