मत राखून

ढकललं, की तोल गेला, की त्यानं स्वतःच?
शेहेचाळीस वर्षं मला हेच विचारतात.
पर्वतीच्या पायऱ्यांवर, धाप लागलेली असताना,
औषधांच्या दुकानात, सुट्टे मोजताना.
दातांच्या डॉक्टरनं तर माझं तोंड उघडं ठेवून विचारलं,
"आरोंदेकरांचं पोस्टमॉर्टेम तुम्हीच केलंत ना?"

हो. मीच.
ससूनचं शवागार, ऑगस्ट, पंखा बंद.
लकडी पुलावरून गेलेला माणूस
संगमाखालच्या बाभळीत सापडला, दोन दिवसांनी.
फाटकाबाहेर लोक त्याचीच भैरवी म्हणत होते
आणि आत खुडे म्हणाला,
"मॅडम, गळा मी नाही धरणार."
हजारभर गळे धरलेला माणूस.
मग मीच धरला.

कंठास्थी शाबूत. स्वरयंत्र शाबूत.
ज्याच्यासाठी पहाटेपर्यंत सतरंज्या हलत नसत
ती जागा अंगठ्याएवढी,
आणि तिथं फेस, थोडी वाळू.

हवालदारानं नदीचं पाणी आणलं सरबताच्या बाटलीत,
लेबल तसंच: कोकम.
मांडीच्या हाडातली मज्जा एका काचेवर,
मुठेचा थेंब दुसऱ्या काचेवर.
दोन्हीकडे तेच डायटम, होडीच्या आकाराचे.
म्हणजे पाण्यात पडला तेव्हा काळीज चालू होतं,
त्यानंच नदी हाडापर्यंत पोचवली.
इथवर शास्त्र माझ्यासोबत चालत आलं
आणि पुलाच्या कठड्याशी थांबलं.
कठड्यावर हात दोन होते की चार
हे शेवाळाला माहीत नसतं.

मी लिहिलं: बुडून मृत्यू.
कसा, याबाबत मत राखून ठेवले आहे.

पुण्यात मत कोणी राखून ठेवत नाही.
मेहुणा झाला, सावकार झाला,
थिएटरच्या मालकाची धाकटी बहीणही झाली.
एका वसंत व्याख्यानमालेत एकानं
शिष्यानेच मारलं असं सिद्ध केलं, स्लाइड दाखवून.
स्लाइडवर माझाच अहवाल होता.
पान एक, पान दोन.
पान तीन कोणी वाचत नाही.

पान तीन: जठर.
*अर्धवट पचलेला भात, सुमारे दोन मुठी. जिऱ्याचे दाणे.*

मथूताई आल्या त्या चौदाव्या दिवशी.
कोणी मारलं, हे त्यांनी विचारलंच नाही.
पान तीनवर बोट ठेवलं.
"हे बरोबर आहे?"
"हो."
"किती वेळापूर्वीचं?"
"दोन तास. थोडं इकडेतिकडे."
"त्या दिवशी एकादशी होती," त्या म्हणाल्या.
"ते एकादशी मोडत नसत.
आमच्याकडे भात शिजला नव्हता."

कागदाची घडी घातली. मग आणखी एक.
चहा नको म्हणाल्या.
दारात चपला उलट्या पायांत घातल्या,
काढल्या, नीट घातल्या,
आणि पुन्हा कधी आल्या नाहीत.

बरण्या नियमाप्रमाणे नष्ट झाल्या.
खुडे गेला. सरबताची बाटली कुठे गेली कोण जाणे.
मला त्या मेहुण्याचं काही वाटत नाही, सावकाराचंही नाही.
पण रेडिओवर त्याचा मारवा लागला
की मी कुकरची शिट्टी मोजायची विसरते.

त्या रात्री या शहरात कोणीतरी त्याला पान वाढलं.
कोणासाठी त्यानं एकादशी मोडली?
हे मला अजून कोणी विचारलेलं नाही.
विचारलं, तर माझ्याकडे एवढंच आहे:
भात मऊ होता.
जिरं अख्खं.