सत्त्याऐंशीवा पत्ता

गॅलरी म्हणजे कन्ना चौकामागे
सुताच्या जुन्या गोदामाचा वरचा मजला.
जिन्याला अजून खळीचा वास.
एप्रिल, त्रेचाळीस अंश. पंखा एकच,
तोही चित्रांकडे पाठ करून.

मी रविवारच्या पुरवणीत लिहिते, पान चार.
चारशे शब्द, एक फोटो.
नळाला पाणी येतं त्या दिवशी घर सोडता येत नाही,
म्हणून उद्घाटनं माझी नेहमी चुकतात
आणि कलावंतांना वाटतं, बाई फार कडक.

या खेपेला नागमणी चिट्याल. वय सव्वीस.
भंगारातून किलोवर आणलेले जकाटचे पत्ते,
भोकं पाडलेले, दोरीत ओवून
छतापासून जमिनीपर्यंत सोडलेले, सात रांगा.
मागे एक बल्ब.
भिंतीवर उजेडाचे दाणे.
मी वहीत लिहिलं: अमूर्त.
मग लिहिलं: अवकाश.
हा शब्द गेल्या अकरा परीक्षणांत नऊ वेळा आलाय,
मोजलाय मी. उरलेल्या दोनांत पोत.

अभिप्रायाच्या वहीत माझ्या आधी तिघं:
छान. खूप छान. एसी बसवा.
तिसरा समीक्षक मला पटला.

तेवढ्यात वीज गेली.
अंधारात कुणीतरी दाराशी चपला काढल्या.
मल्लेशम गोणे. कानात कापूस,
खालच्या दुकानात सूत टाकायला आलेले,
वर काय चाललंय बघू म्हणून चढलेले.
'हात लावू नये' अशी पाटी होती,
पण अंधारात पाटी कुठली.
बोटं भोकांवरून चालली, पत्त्यामागून पत्ता,
वाण्याची यादी वाचावी तशी.
म्हणाले, "नेमली."
"कुणाला नेमली?" मी विचारलं.
नागमणी कोपऱ्यातून हसली,
"मॅडम, तेलुगूत मोर."

मोर. हा पिसारा. बोट सरकलं. ही मान.
चादरीच्या कडेचा. बत्तीस वर्षं विणला.
एक पत्ता, एक आडवा धागा.
"पण हा सत्त्याऐंशीवा उलटा ओवलाय, पोरी,
इथं मोराची मान मोडते."

ती तेलुगूत काही बोलली. ते तेलुगूत काही बोलले.
आवाज चढला, उतरला.
मधे दोनदा माझ्याकडे बघून 'पेपर' म्हणाले.

वीज आली. भिंतीवर पुन्हा दाणे.
मला मोर दिसला नाही.
मान तिरकी करून, चष्मा काढून, लावून,
पार दारापर्यंत मागे जाऊन.
दिसला नाही.

घरी येऊन 'अमूर्त' खोडलं.
खोडलेल्या जागी काय, ते साडेअकरापर्यंत सुचेना.
मोर आहे लिहावं, तर मी पाहिलेला नाही.
मोर नाही लिहावं, तर बत्तीस वर्षं.
शेवटी लिहिलं की एका विणकरानं चूक दाखवली.
हत्तुरे साहेबांनी नेमकी तीच ओळ कापली,
खाली पाण्याच्या टाकीची जाहिरात होती,
टाकीला जागा लागते.
छापून आलं: अवकाशाचा नवा आविष्कार.
तिघांचे फोन आले, छान लिहिलंय म्हणून.

शेवटच्या दिवशी पुन्हा गेले.
पंख्यानं पत्ते हलत होते,
एकमेकांवर आपटून पुठ्ठ्याचा बारीक आवाज करत.
वरून मोजत आले, ओठांतल्या ओठांत,
शाळेत हजेरी घ्यायचे तशी,
पंच्याऐंशी, शहाऐंशी,
आणि थांबले.
हा सुलटा केलाय, की तसाच ठेवलाय?
नागमणी सांगेना. चहा मागवला तिनं.

मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला,
पाटीकडे पाठ केली
आणि बोट पुढे केलं.
भोक. भोक. कोरी जागा.
भोक.