टोपलीतून बर्फ

कवालात जुलैमधल्या दुपारी तीनला
समुद्रसुद्धा पडदे ओढून पडलेला असतो.
तीन ते साडेपाच आवाज करायचा नाही.
जिन्यात तशी पाटी आहे. ती मीच लावली,
वरच्या पोलिक्सेनीने नेमके याच वेळात
शेरभर अक्रोड फोडले, त्या वर्षी.

साडेपाच वाजले
की गल्लीभर बरण्या हलायला लागतात.
खुळुक खुळुक, खुळुक खुळुक.
प्रत्येक घराचा हात निराळा.
समोरचा न्हावी थानासिस नुसत्या मनगटातून हलवतो,
तळमजल्यावरची मुलगी अख्ख्या खांद्यातून,
कुणावरचा तरी राग काढल्यासारखी.
मी पस्तीस वर्षं बस चालवली.
माझी बरणी गिअरमध्ये हलते:
पहिला, दुसरा, तिसरा, मग चढ.

कृती सोपी आहे.
दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर,
पाणी दोन बोटं. त्याहून जास्त घालणाऱ्याला
फेस मिळत नाही, गढूळ पाणी मिळतं.
झाकण घट्ट.
(जॅमची बरणी, झाकणावर अजून अर्धं जर्दाळू.)
फेस असा हवा की स्ट्रॉ त्यात
चौकातल्या पोलिसासारखी उभी राहावी.
मग बर्फ. मग गार पाणी, काठाकाठाने.
डब्यातलं दूध, असलं तर.

यंदा डॉक्टरांनी साखर तोडली.
साखरेवाचूनही फेस येतो,
पण लवकर बसतो,
निवृत्त माणसाच्या ऐटीसारखा.
आणि मंगळवारी, एक्केचाळीस अंशांत, फ्रीज गेला.
ट्रेमध्ये बारा चौकोनी तळी,
कोमट.

तरी बरणी हलवली. सवय.
फेस ग्लासात ओतला
आणि बाल्कनीत त्याच्याकडे बघत बसलो.

आता पोलिक्सेनीबद्दल.
अकरा वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत आलो,
आणि पाणी तिचंच असायचं:
जिरेनियमच्या कुंड्यांतून माझ्या टेबलावर,
माझ्या पेपरावर, एकदा तर थेट ग्लासात.
मी तीन तक्रारी लिहून तिच्या दाराखालून सरकवल्या.
तिने तिन्हींची विमानं करून
माझ्या बाल्कनीत उतरवली.
आमच्यातून विस्तव जात नव्हता.

तिने ऐकलं असणार
की बरणी थांबल्यावर
पुढचा आवाज झालाच नाही,
काचेवर बर्फ पडतो तो.

वरून दोरी आली.
दोरीला पाववाल्यासाठी सोडते ती टोपली.
“कंडक्टर,” ती म्हणाली.
(मी ड्रायव्हर होतो. अकरा वर्षं सांगतोय.)
“घे लवकर. ठिबकतंय.”

टॉवेलात गुंडाळलेले आठ तुकडे.
ठिबकत होतंच.
एक थेंब पेपरावर, एक माझ्या कपाळावर,
तिथून भुवईत.
मी काही बोललो नाही.

“तू कशी घेतेस?” मी वर मान करून विचारलं.
अकरा वर्षं डोक्यावर नांदणारी बाई,
आणि मला तिची साखर माहीत नाही.
“मध्यम. दूध नको.
आणि नुसता फेस पाठवू नकोस, पाणीही घाल.”

साखरेचा डबा मी टाकला नव्हता,
बुटांच्या कपाटात ठेवला होता.
एक सपाट चमचा.
पहिला, दुसरा, तिसरा, चढ.
फेस असा धरला
की क्षणभर वाटलं, हा आपणच प्यावा.

टोपली वर निघाली,
तिच्या कठड्यावर आपटली,
आणि कॉफी माझ्या सदऱ्यावर आली.
“अर्धीच दिलीस,” वरून आवाज.
“अर्धी तू सांडलीस.”
“दोरी तुझ्या बाजूने ओढली गेली.”
“दोरी तुझ्या हातात होती, बाई!”
थानासिस दुकानाबाहेर येऊन बघू लागला.
बाकी ग्लास रिकामा परत आला तो
तळाशी स्ट्रॉने खरवडलेला.

शुक्रवारी कारागीर फ्रीज दुरुस्त करून गेला.
उत्तम चालतो. मोटर मात्र घरघरते,
आणि आमच्या इमारतीत आवाज लगेच वर जातो.
म्हणून साडेपाचला पाच कमी असताना
मी त्याचं बटण बंद करतो.