बाकी

ईरण्णा महिन्याच्या सात तारखेला येतो,
टाचा उचलून मीटरसमोर उभा राहतो,
कमरेचं यंत्र टर्रकन कागद काढतं.
चार दिवस उन्हात राहिला तर त्याची अक्षरं उडतात,
म्हणून मी आकडे कॅलेंडरच्या पाठीवर उतरून ठेवते.

कागद कानडी. आकडे सगळ्यांचे.
सानिका शाळेतलं कानडी लावून वाचते:
बळके म्हणजे वापर. एकाहत्तर.
निगदित शुल्क म्हणजे पंखा फिरो न फिरो, लागतंच ते.
मग बेरीज, मग सगळीच वजा,
आणि तळाला शून्य.
त्या शून्याचंही भ्या वाटतं.
गेल्या सालची सरासरी ओलांडली
की त्याच्या डाव्या अंगाला आकडे उगवतात.

भारता शिनोळीत. आमच्या बाचीपासून
चालत अर्ध्या तासावर, दुसऱ्या राज्यात.
तिचं बिल मराठी, तरी तिला कळत नाही.
"वहन आकार म्हणजे काय गं? कोण कुणाला वाहून आणालंय?"
म्हटलं, वीज. तारेवरून येते, त्याचं भाडं.
"मग बायकांना अर्धं तिकीट न्हाई काय?"

रविवारी दोन्ही कागद तिच्या खाटेवर मांडले, कडेला कड.
तिच्यावर मीटरचा फोटो असतो, अंधुक,
आणि मागच्या महिन्यांचे खांब.
त्यांवरून बोट फिरवता फिरवता अडकलं:
दिवाळीपर्यंत एकशे तीसच्या घरात,
मग नव्वद, मग चव्वेचाळीस.
उन्हाळा लागला तरी खांब वर चढला नाही.
म्हटलं, काटकसर चांगली करालीस की.
ती पाणी आणायला उठली.

कोपऱ्यात, ग्राइंडर असायचा तिथं,
फरशीवर एक गोल, भोवतीपेक्षा उजळ.
पहाटे चारला दगड फिरायचा,
कारखान्यातल्या पोरांच्या खानावळीला इडलीचं पीठ.
कधी विकलास, ते विचारलं नाही.
मार्गशीर्षाच्या खांबात लिहिलं होतं.

घरी येऊन सानिकाला म्हटलं,
तुझ्या कानडीतला एक शब्द मला न विचारता येतो.
बाकी.
इकडंही बाकी, तिकडंही बाकी.
आमच्या रकान्यात काही नव्हतं.

रात्री फोन लावला.
आमटी कसली केलीस, भावजींचा गुडघा,
खानावळवाला आता पीठ बेळगावहून आणतो म्हणे.
मग दोघी गप्प.
"बाकी?" मी म्हटलं.
"बाकी काय न्हाई," ती म्हणाली,
आणि तिच्याकडं पंख्याचं बटण
खट्कन पडल्याचं ऐकू आलं.