जादा रेघा

पुण्याहून फाईल येते तेव्हा
पंपाचं केसिंग एकटं येत नाही.
सोबत अख्खं बिऱ्हाड असतं:
एकशे बारा लेअर, त्यातले नव्वद रिकामे,
कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचा उलटा शिक्का,
आणि एकाच जागी एकावर एक
तीन तीन रेघा,
पडद्यावर दिसते मात्र एकच.

उद्यमबागेत फाउंड्रीच्या माडीवर
आठ वर्षं मी हेच करते.
बाकीचे काढण्याचा पगार घेतात,
मी पुसण्याचा.

काही रेघांना लांबीच नसते.
सुरू होतात तिथेच संपतात,
तरी यादीत त्यांना रंग असतो, जाडी असते.
एक वर्तुळ आलं ते छत्तीस तुकड्यांत,
प्रत्येक तुकडा स्वतःला सरळ समजणारा.
कुणीतरी हॅच फोडून ठेवलेला,
चार हजार तिरप्या काड्या,
गवा शिरून गेलेल्या उसासारख्या.

खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत
गावाचं नाव दोनदा.
जुनं, त्यावर नवं,
अक्षरं एकमेकांच्या पायांवर उभी.
डुप्लिकेट काढायची कमांड दिली,
तिला काहीच सापडलं नाही.
तिच्या लेखी ते दोन वेगळे शब्द,
जागा तेवढी एक.
मी मोठं करून पाहिलं.
चहा आला. चहा प्याले.
जीएसटीच्या कागदावर जे आहे ते ठेवलं.
दुसरं पुसलं नाही,
लेअर बंद केला फक्त.

गुरुवारी मोनाप्पा बडिगेर जिना चढून वर आला,
भुवयांवर सागाचा भुसा,
हातात माझाच प्रिंट.
"अक्का, गेरे यल्ली?"
कुठली गेरे?
"मधली वो. लाल होती की मागच्या टायमाला."

होती. मीच पुसली.
तिला माप नव्हतं, कड नव्हती,
पंपाच्या अंगावर ती कुठेच नव्हती.
काळ्या दगडावरची असती तर राहिली असती,
ही काळ्या पडद्यावरची.

तो हसला नाही.
दोन तळवे एकमेकांवर ठेवले,
आणि वरचा उचलला.
"पेटी उघडायची कुटनं मग?"

खाली वाळूच्या दोन पेट्या,
वरची आणि खालची,
त्या रेघेवर एकमेकींना टेकतात.
ओतलेलं लोखंड तिथून जरासं बाहेर डोकावतं,
पापुद्र्याएवढं.
संध्याकाळी फेटलिंगच्या शेडमध्ये
नझीर ग्राइंडर लावतो,
ठिणग्या दारापर्यंत येतात,
आणि रेघ जाते.
माझ्याआधी तोच पुसत होता,
फक्त वेळेवर.
पुण्यात केसिंग पोचतं ते गुळगुळीत, एकसंध.
नखाने चाचपलं तर कळतं.
तिकडे कोण चाचपतंय.

मी सतरा पावलं मागे गेले.
लाल रेघ आली,
तिच्यासोबत सोळा बिनकामाच्याही आल्या.
त्या पुन्हा पुसताना
हात जरा सावकाश चालला.
एकेकीला विचारल्यासारखं थांबत गेले,
दोन ठेवल्या, कशासाठी ते माहीत नसताना.
लाल रेघेला नवा लेअर केला,
नाव दिलं 'गेरे',
कुलूप घातलं.

नवा प्रिंट घेऊन खाली गेले
तर मोनाप्पाने वाट पाहिलीच नव्हती.
सागाच्या पॅटर्नवर अंदाजाने
पेन्सिलची रेघ मारून मोकळा.
दोन्ही जुळवून पाहिल्या.
फरक अर्ध्या मिलिमीटरचा.
बरोबर कुणाची,
त्याने विचारलं नाही, मीही नाही.
पेन्सिल कानावर ठेवत
तो म्हणाला, "इरली.
असू दे."