बाजूची सीट

निमाणीवरून सुटणारी माझी सकाळची बस,
उभ्याला जागा नाही,
आणि तिसऱ्या खिडकीशी बसलेल्या त्या पोराच्या
बाजूची सीट रिकामी.
रोज.
युगांडाचा होता, फार्मसीला,
सुटे पैसे मुठीत धरून बसायचा, घामेजलेले.
‘ताई, कॉलेज रोड’, एवढंच मराठी.
लोक दांडीला लोंबकळायचे, पण टेकायचे नाहीत.
मीही कधी म्हटलं नाही, बसा की हो.
माझं काम तिकीट देणं.

मग एक दिवस सीबीएसला चढली केझिया साळवे,
खांद्याला पोत्याएवढी झोळी, अंगाला टर्पेंटाइनचा वास,
आणि धपकन बसली त्याच्या शेजारी
आपल्याच ओट्यावर बसावं तशी.
उतरताना म्हणाली,
‘तुमचं चित्र काढायचंय. रविवारी याल?’
मी मागं वळून पाहिलं, विचारतेय कुणाला.

माझ्या लग्नाचा अल्बम बघा तुम्ही.
फोटोवाल्यानं धुऊन काढलंय मला,
चेहरा पिठासारखा.
हात तेवढे माझेच राहिले,
घाईत विसरला असेल.
स्थळाच्या कागदावर वडिलांनी लिहिलं होतं ‘निमगोरी’,
आणि नाव तर आधीच ठेवून बसलेले, उज्ज्वला.

तिची खोली शरणपूरला, खाली रिक्षांचं गॅरेज.
युनिफॉर्मवरच बसवलं मला, बॅग मांडीवर.
‘काळ्याची ट्यूब मी उघडतच नाही,
ट्यूबमधला काळा मेलेला असतो’,
निळ्यात तांबडं कालवत ती बोलत होती.
मग माझ्या गालावर तिला सापडलं
जांभळाचं पिकणं,
द्राक्षाच्या घडावरची धुरकट साय,
तांब्याच्या हंड्याची चुलीकडची बाजू,
आणि मानेखाली हिरवट काहीतरी,
त्याला नाव नाही म्हणाली.
सहा तास. पायाला मुंग्या.
इतका वेळ माझ्याकडं कुणी पाहिलं नव्हतं,
डॉक्टरनंसुद्धा नाही.

भिंतीवर एक बाई, कान कोरे, अंगात ढगळ झगा.
‘खापरपणजी. म्हणजे घरात तसं सांगतात.
गलबतांवरून सोडवलेली पोरं इथंच आणून ठेवली होती,
सुतारकाम शिकवलं, प्रार्थना शिकवली,
मराठी आपोआप आली.
बरीचशी परत गेली समुद्रापलीकडं. ही राहिली.
नाव बदललं. आधीचं कुणी लिहून ठेवलं नाही.’
मग हा चेहरा कुठून आणलात?
‘आरशातून. थोडा तुमच्या बसमधून.’

पंचवटी कारंज्यावर बस वळली
की मला काळारामाचं दार आठवतं.
पणजोबा बसले होते त्या दाराशी, सत्याग्रहाला, उन्हात.
आत काळ्या पाषाणाचा देव, सावळं रूप म्हणून लोटांगणं,
आणि बाहेर माझा पणजा,
त्याच पाषाणाचा.
हे मी केझियाला सांगितलं नाही.
तिनं कसं काय ते माझ्या कपाळावर काढलं कोण जाणे.

प्रदर्शनात एक कुर्तेवाले गृहस्थ
माझ्यासमोर उभे राहून म्हणाले,
‘रंग जरा हलका घ्यायला हवा होता.’
मी त्यांच्या शेजारीच होते. ओळखलं नाही त्यांनी.
माझा पोरगा मात्र नाक लावून बघत होता,
‘आई, हात बघ तुझे.’
बघितले.
चेहरा आणि हात
पहिल्यांदाच एका बाईचे होते.

बाजूला तिनं एक सीट रंगवलीय, हिरव्या रेक्झिनची,
फाटलेली, स्पंज बाहेर आलेला.
रिकामी का ठेवलीस, विचारलं,
तर ती ब्रश पुसत राहिली.

सोमवारी तोच पोरगा, तीच खिडकी.
दांडीला एक चष्मेवाले लोंबकळत होते.
‘बसा की हो’, मी म्हटलं,
जरा मोठ्यानंच निघालं.
सगळी बस वळली.
ते बसले. अर्धेच, कडेवर,
एक पाय रस्त्यात काढून.

बरं.
मी तिकीट दिलं.