लाइट टेस्ट

तेजपाल म्हणाला, काकू, सगळं क्लाउडवर टाकूया.
मी म्हटलं, क्लाउड म्हंजे ढगच न्हवं?
तो हसला. मी नाही हसले.
एकोणीस साली राधानगरीवर ओतलेला ढग
शाहूपुरीत आमच्या काउंटरच्या वर
अडीच फूट उभा होता, पाच दिवस.
आता त्याच्याचकडं ठेव ठेवायची.

हार्डडिस्क सहा होत्या.
चार गेल्या. दोन मी वाळवल्या
जुन्या पदरात गुंडाळून, आजरा घनसाळच्या डब्यात,
ओल म्हणजे ताप असावा
आणि तो आपोआप उतरावा, तसं.
एक बोलली. बोलली म्हणजे
आतल्या आत टक् टक् करत
फोल्डर दाखवायला लागली:
कागल_लग्न_फायनल
कागल_लग्न_फायनल_खरंच
पेठेची_मॅच_पावसात
मगदूम_बारसं_पैसे_बाकी

ती मगदूमांची पोरगी आता कॉलेजात जाते.
पैसे बाकीच आहेत.

रात्री एकनंतर नेटला जरा वेग येतो.
गल्लीतले मोबाइल झोपतात,
राउटरचा हिरवा दिवा एकटा लुकलुकतो
आणि माणसं वर जायला लागतात.
वराती जातात, डोहाळजेवणं जातात,
उसन्या फेट्यातले मामा जातात,
हेर्ल्याच्या नवरीची आई
रडू आलं की कॅमेऱ्याकडं पाठ करायची,
ती पाठमोरीच गेली.
सतरा टक्के.
लाइट गेली.
आली तेव्हाही सतराच.
पंचगंगेची पातळी आम्ही अशीच बघत बसलो होतो,
एकेचाळीस फूट, बेचाळीस,
फक्त तेव्हा आकडा वाढू नये म्हणून.

महिना एकशे तीस रुपये भाडं पडंल, तेजपाल म्हणाला,
नको ते काढून टाका, जागा वाचंल.
हे बघा, ‘टेस्ट’ नावाचे चारशे बारा फोटो,
सगळ्यांत तुम्हीच, डोळे बारीक करून.

हे लाइट बघायचे.
ऑर्डरवर निघायच्या आधी, दारात,
माझ्या हातातली परातसुद्धा खाली ठेवू न देता:
जरा थांब. इकडं बघ. झालं.
कोपरापर्यंत पीठ. अंबाड्यात विसरलेला कंगवा.
एकात तर मी सरळ सरळ चिडलेय,
गॅसवर दूध होतं.

अ‍ॅप आपोआप चेहरे वेगळे काढतं.
तीन हजार एकशे सहा माणसं निघाली,
प्रत्येकाखाली लिहिलेलं: नाव जोडा.
मी खालपर्यंत गेले, परत वर आले.
यांचा चेहरा नाही.
वीस वर्षं सगळ्यांच्या समोर उभा राहिलेला माणूस
कुठंच नाही.
उचगावच्या एका हॉलमधल्या आरशात सापडले,
नवरीच्या खांद्यामागं, पण तोंडावर कॅमेरा.
अ‍ॅपच्या हिशोबात तो चेहरा धरत नाहीत.
आणि धरला असता तरी
नाव कसं घालणार होते मी?
यांचं नाव आयुष्यात चार-पाचदा घेतलं असेल,
तेही उखाण्यात,
हातात घास धरून, सगळी हसत असताना.

मग ही टेस्टची डिलीट मारू ना, काकू?
त्याचं बोट माउसवर.

नको रे, म्हटलं. त्यातच हे आहेत.

त्यानं झूम केलं. कोपरे बघितले,
दाराची काच बघितली, परातीची कड बघितली.
कुठं?

दूध उतू गेलेल्या दिवशीचा फोटो उघडा होता.
मी बघत होते, चिडून, एकटक,
तेजपाल बसला होता बरोबर त्या बाजूला.

त्यानं एकदा मागं वळून पाहिलं
आणि खुर्ची जरा बाजूला सरकवली.